पुरात बुडालेल्या गाडीचा क्लेम इंजिनापाशी का अडतो आणि कसा सोडवायचा

तक्रार दर पावसाळ्यात तीच असते. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, हप्ता वेळेवर भरलेला, गाडीत पाणी खरंच शिरलेलं. तरी कंपनी सीट, कार्पेट, वायरिंग मंजूर करते आणि इंजिनाचा खर्च नाकारते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात, २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात, २५ जुलै २०२४ ला पुण्याच्या सिंहगड रोड भागात पाणी घरांत आणि पार्किंगमध्ये शिरलं. अशा वेळी घरची कार आणि स्कूटर दोन्ही एकाच रात्री जातात. क्लेमचं भवितव्य बरंचसं पाणी ओसरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ठरतं, कंपनीच्या ऑफिसात ते नंतर पोचतं.

आधी पॉलिसी बघा. कागदावर फक्त ‘थर्ड पार्टी’ (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई) असेल तर पूर, वादळ, झाड पडणं यांतलं काहीही मिळणार नाही. ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीचं नुकसान) हा भाग हवा, मग तो पॅकेज म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत असो किंवा वेगळा घेतलेला असो. नवी गाडी घेताना थर्ड पार्टी कारला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांची एकदम मिळते, ओन डॅमेज मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचं असतं. दुसऱ्या वर्षी ते संपल्याचं लक्षातच येत नाही, आणि स्कूटरच्या बाबतीत हे फार घडतं. ओन डॅमेजमध्ये पूर, वादळ, चक्रीवादळ, गारपीट, वीज, भूकंप, दरड कोसळणं ही कारणं नावानिशी लिहिलेली असतात. त्यामुळे ‘नैसर्गिक आपत्ती कव्हर नाही’ असं कोणी तोंडी सांगितलं तर ते मान्य करू नका.

गाडी जुनी विकत घेतली असेल आणि आरसी तुमच्या नावावर, पण पॉलिसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर, तर क्लेम तिथेच थांबतो. थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे जाते, ओन डॅमेज जात नाही. ट्रान्सफरनंतर १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. हे पावसाच्या आधी निस्तरण्याचं काम आहे, नंतर काही उपाय उरत नाही.

इंजिन का नाकारतात

पाणी दाबलं जात नाही. इंजिन फिरत असताना एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येताना त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. बंद उभ्या गाडीच्या इंजिनात पाणी झिरपलं तर ऑईल दुधाळ होतं, गंज धरतो, पण रॉड वाकत नाही. रॉड वाकायला इंजिन फिरावं लागतं.

कंपनीचा युक्तिवाद याच फरकावर उभा असतो. पूर ही विमा उतरवलेली घटना, पण पाणी भरलेल्या इंजिनाला सेल मारणं ही त्यानंतरची मालकाची कृती, म्हणून रॉड वाकणं हे कॉन्सिक्वेन्शियल लॉस (मूळ घटनेनंतर ओढवलेलं नुकसान) आणि ते पॉलिसीबाहेर. जोडीला पॉलिसीतली दुसरी अट दाखवतात: अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर. ही अट खरी आहे आणि जवळपास प्रत्येक पॉलिसीत असते.

‘इंजिन प्रोटेक्ट’ हे ॲड-ऑन (जादा हप्ता भरून घेतलेलं कव्हर) असेल तर हायड्रोलॉकचा खर्च मिळू शकतो, पण त्यातही पुन्हा पुन्हा सेल मारून झालेलं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलं असतं. अटी पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतात, त्या वाचा. झीरो डेप असेल म्हणजे इंजिन सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. झीरो डेप हे ॲड-ऑन फक्त पार्ट्सवरची घसाऱ्याची (जुनेपणामुळे घटलेल्या किमतीची) कपात थांबवतं.

पाणी ओसरल्यावर पहिल्या तासात

चावी फिरवू नका. इग्निशन ‘ऑन’सुद्धा नको, लाईट लागतो का बघायलाही नको. पुश-बटण गाडी असेल तर रिमोटने अनलॉक न करता रिमोटमध्ये दडवलेली धातूची चावी वापरा. बॉनेट उघडून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सैल करून काढा. ओल्या वायरिंगमध्ये करंट गेला की ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि एअरबॅगचं मॉड्यूल जळतं. एअरबॅगचं मॉड्यूल बऱ्याच गाड्यांत गिअर लिव्हरच्या पुढे, जमिनीलगत असतं. पाणी फक्त कार्पेटपर्यंत आलं तरी ते भिजतं.

मग फोटो, गाडी धुण्याच्या आधी. चारही बाजूंनी, नंबरप्लेटसह. आजूबाजूची भिंत, जिना, मीटरबॉक्स दिसेल असा एक लांबचा फोटो, म्हणजे पाण्याची पातळी गाडीबाहेरच्या वस्तूवरही दिसते. दार उघडून आतल्या पॅनेलवर गाळाची जी आडवी रेघ उमटलेली असते तिचा जवळून फोटो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर माती कुठपर्यंत आली तो फोटो. हा सीटबेल्टचा फोटो फार उपयोगी, कारण गाडी आतून पुसून काढली तरी गुंडाळीतली रेघ जात नाही. शेवटी १५-२० सेकंदांचा सलग व्हिडिओ: गाडी, पातळीची खूण, बॉनेटखाली सुटी केलेली बॅटरीची केबल.

क्लेम फॉर्मवर किलोमीटर विचारतात. डिजिटल मीटर असेल तर त्या आकड्यासाठी इग्निशन चालू करू नका. मागच्या सर्व्हिसच्या बिलावरचं रीडिंग लिहून पुढे ‘गाडी पाण्यात असल्याने मीटर चालू केलेला नाही’ अशी नोंद करा. फोनवरून व्हिडिओ तपासणी करणाऱ्याने ‘एकदा स्टार्ट करून दाखवा’ म्हटलं तरी नकार द्या आणि तो नकार मेसेजमध्ये लिहून ठेवा. सोसायटीच्या वॉचमनला आणि घरातल्या सगळ्यांनाही बजावून सांगा. ‘बघू चालू होते का’ म्हणून हौसेने मारलेला एक सेल दीड लाखाला पडतो.

गाडी रस्त्यात पाण्यात बंद पडली असेल तरी नियम हाच. धक्का मारून गिअरमध्ये चालू करणं तर सेल मारण्याहून वाईट. न्यूट्रलमध्ये हाताने ढकलून कोरड्या जागी न्या, तिथून टो करा. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढत नेली तर गिअरबॉक्स जातो, म्हणून फ्लॅटबेड (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागा. टोइंगचा खर्च मूळ पॉलिसीत कारला १५०० आणि दुचाकीला ३०० रुपयांपर्यंत मिळतो. रोडसाइड असिस्टन्स असेल तर तो आधी वापरा, पुराच्या दिवशी खासगी क्रेनवाले वाट्टेल ते मागतात.

क्लेम कळवताना

टोल फ्री नंबरवर फोन करून क्लेम नंबर घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. पूरग्रस्त भागात लाईन लागत नाही, रेकॉर्डिंग नंतर मिळत नाही. त्याच दिवशी ईमेल पाठवा. मजकूर असा असावा:

‘गाडी क्रमांक अमुक, पॉलिसी क्रमांक अमुक. तारीख अमुक रोजी पहाटे अंदाजे ४ वाजता इमारतीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या वरील गाडीत पुराचं पाणी डॅशबोर्डच्या खालच्या कडेपर्यंत शिरलं. त्या वेळी गाडी बंद होती व चालक नव्हता. पाणी ओसरल्यानंतर इंजिन किंवा इग्निशन चालू केलेलं नाही. सकाळी ९ वाजता बॅटरी सुटी केली आहे. फोटो व व्हिडिओ जोडले आहेत. सर्व्हेअर नेमावा. तोपर्यंत नुकसान वाढू नये म्हणून गाडी टो करून वर्कशॉपमध्ये नेणं, ऑईल काढणं, स्पार्क प्लग काढणं व आतील भाग सुकवणं ही कामं करण्यास मंजुरी द्यावी. उद्या दुपारपर्यंत उत्तर न आल्यास ही कामं फोटो काढून सुरू करू.’

शेवटची दोन वाक्यं सोडू नका. पाणी शिरलेलं इंजिन तसंच ठेवलं तर दोन-तीन दिवसांत सिलिंडरच्या भिंती आणि रिंगांना गंज धरतो. सर्व्हेअर (नुकसान तपासून अहवाल देणारा) आठवड्याने येतो आणि ‘हा गंज उशिरामुळे आलेला आहे’ म्हणून रक्कम कापतो. नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी पॉलिसी तुमच्यावर टाकते, म्हणून मंजुरी मागितल्याचा आणि कंपनीने उत्तर न दिल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा.

‘इंजिन किंवा इग्निशन चालू केलेलं नाही’ हे वाक्य खरं असेल तरच लिहा. सेल मारला गेला असेल तर तेही लिहा. आधुनिक ईसीएममध्ये नोंदी राहतात, आणि रॉड वाकलेला असताना ‘चालू केलीच नाही’ हे टिकत नाही. खोट्या विधानावर कंपनी पूर्ण क्लेम नाकारू शकते, मग सीट आणि वायरिंगचेही पैसे जातात.

पाणी ओसरायला दोन-तीन दिवस लागले, वीज आणि नेटवर्क नव्हतं, म्हणून कळवायला उशीर झाला तर कारण लिहून द्या. खऱ्या क्लेमला केवळ उशिराच्या कारणाने नाकारू नये, असं परिपत्रक विमा नियामक आयआरडीएआयने २० सप्टेंबर २०११ ला काढलेलं आहे. पीयूसी संपलेली असेल म्हणून क्लेम फेटाळता येत नाही, हेही २०२० मध्ये आयआरडीएआयने स्पष्ट केलं आहे. तलाठ्याचा किंवा पालिकेचा पंचनामा प्रत्येक क्लेमला लागत नाही, पण होत असेल तर त्यात गाडीचा नंबर लिहून घ्या आणि प्रत मागा. घराच्या पंचनाम्यात वाहनाचा उल्लेख राहून जातो.

कार आणि स्कूटर दोन्ही बुडाल्या तर दोन क्लेम, दोन मेल, फोटोंचे दोन फोल्डर. एकाच मेलमध्ये दोन गाड्या घातल्या की एक फाइल उघडते आणि दुसरी हरवते.

सर्व्हेअर आणि वर्कशॉप

आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. मोठ्या पुरानंतर हे वेळापत्रक कोलमडतं. तरी मेलमध्ये या मुदती लिहा, कारण पुढे तक्रारीत त्याच तारखा मोजल्या जातात.

इंजिन सर्व्हेअरसमोर उघडायचं, हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. वर्कशॉपवाले घाईत असतात, आधीच इंजिनाचं हेड (वरचा भाग) काढून ठेवतात आणि मग सर्व्हेअर म्हणतो, ‘पाणी होतं याचा पुरावा काय?’ ऑईल काढावं लागलंच तर पारदर्शक बाटलीत अर्धा लिटर वेगळं ठेवा आणि गाडीच्या नंबरसह फोटो घ्या. प्लग काढल्यावर बोअरस्कोपने (नळीच्या टोकाच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडरमध्ये बघून व्हिडिओ करायला सांगा. चारही पिस्टन वरच्या टोकाला सारख्याच उंचीला येत असतील तर रॉड वाकलेले नाहीत. म्हणजे ऑईल, फिल्टर, फ्लशिंग, गॅस्केट हा थेट पुराचा खर्च ठरतो आणि तो साध्या ओन डॅमेजमध्येही मागता येतो. एक पिस्टन दोन-तीन मिलिमीटर खाली राहिला तर हायड्रोलॉक. मग इंजिन प्रोटेक्ट आहे का, हाच प्रश्न उरतो. ही तपासणी लेखी मागा. ‘इंजिन नॉट पेएबल’ एवढा शेरा मारलेला अहवाल स्वीकारू नका.

एस्टिमेटमध्ये ‘वायरिंग क्लीनिंग’ आणि ‘वायरिंग हार्नेस (तारांचा पूर्ण जुडगा) बदलणं’ या दोन्ही ओळी असतील तर सर्व्हेअर एक कापणारच. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर हार्नेस बदलण्याचा आग्रह धरा. साफ केलेले कनेक्टर आतून हिरवे पडतात, चार-सहा महिन्यांनी सेन्सरचे एरर सुरू होतात आणि तोवर क्लेम बंद झालेला असतो. काढलेले जुने पार्ट्स री-इन्स्पेक्शन (सर्व्हेअरची फेरतपासणी) होईपर्यंत वर्कशॉपमधून हलवू देऊ नका.

पैसे कुठे कापले जातात

झीरो डेप नसेल तर कपात ठरलेली आहे. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग ५० टक्के. फायबरग्लास ३० टक्के. काच शून्य. बाकी पार्ट्स वयानुसार: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. रंगकामाचं एकत्रित बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियल धरून त्याच्या निम्मे कापतात.

समजा साडेतीन वर्षांच्या ११९७ सीसी कारवर वादळात फांदी पडली. पत्र्याचे पार्ट्स ३२,०००, काच ९,०००, बंपर आणि हेडलॅम्प १८,०००, मजुरी १४,०००, रंग २०,०००, एकूण ९३,०००. पत्र्यावर २५ टक्के म्हणजे ८,०००, प्लास्टिकवर ९,००० आणि रंगावर २,५००, मिळून १९,५०० कापले. सक्तीचं डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची रक्कम) १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये, त्यापुढे २,०००, दुचाकीला १००. जीएसटी बाजूला ठेवला तर कंपनी ७२,५०० देईल आणि खिशातून २०,५०० जातील. सर्व्हेअरची असेसमेंट शीट आली की हाच हिशेब ओळीओळीने ताडून बघा. हेडलॅम्पची काच प्लास्टिकची म्हणून ५० टक्के बरोबर, पण विंडस्क्रीनवर घसारा लावला असेल तर ती चूक आहे, सुधारून घ्या. हप्ता कमी करायला ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ घेतलेलं असेल तर ती रक्कम वेगळी जाते.

नुकसान थोडं असेल तर क्लेम करायचा का, हे एनसीबीवरून (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ठरवा. ओन डॅमेजचा हप्ता ८,००० आणि आत्ताचा एनसीबी ३५ टक्के असेल, तर क्लेम न केल्यास पुढे ४५ आणि मग ५० टक्के सूट मिळत राहते. क्लेम केल्यास शून्यावरून २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा चढावं लागतं. पाच वर्षांतला फरक मिळून १२० टक्के, म्हणजे ९,६०० रुपये. आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. त्यामुळे कंपनीकडून दहा हजारांच्या आत मिळणार असेल तर कारचा क्लेम सोडलेला बरा. स्कूटरचा ओन डॅमेज हप्ता मुळात लहान असतो, तिथे एनसीबीचा विचार करत बसू नका.

टोटल लॉस

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरतात. पाणी डॅशबोर्डच्या वर गेलेल्या चार-पाच वर्षांच्या गाडीचं बहुधा हेच होतं. कंपनी दोन पर्याय देते: गाडी त्यांना देऊन आयडीव्हीमधून डिडक्टिबल वजा करून रक्कम घ्या, किंवा गाडी ठेवून भंगाराची किंमत वजा करून घ्या. दुसरा पर्याय फसवा असतो, भिजलेल्या वायरिंगची गाडी पुढे त्रासच देते. पहिला घेताना आरसीचं काय होणार, ती रद्द होणार की दुसऱ्याच्या नावावर चढणार, हे लेखी घ्या. मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देऊ नका, गाडी उद्या कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही आणि नाव तुमचंच राहतं.

कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात. क्लेम सुरू आहे म्हणून ईएमआय थांबवू नका. वर्कशॉप टोटल लॉसच्या गाडीला दिवसाचं पार्किंग भाडं लावतं, ते कोण भरणार हे पहिल्याच दिवशी विचारा.

दुचाकी आणि इलेक्ट्रिक

स्कूटरला किक मारणं म्हणजेही इंजिन फिरवणं. प्लग काढा, एअर फिल्टरच्या डब्यातलं पाणी सोडा, ऑईल काढा. सीव्हीटीच्या (स्कूटरच्या बेल्टवर चालणाऱ्या गिअर यंत्रणेच्या) कव्हरमधलं पाणी विसरलं तर बेल्ट घसरतो. हे सगळं फोटो आणि क्लेम नंबर झाल्यावर. इलेक्ट्रिक स्कूटर बुडाली असेल तर चार्जिंगला लावू नका आणि जिन्याखाली किंवा घरात आणू नका. भिजलेली लिथियम बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. मोकळ्या जागी ठेवून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा. इलेक्ट्रिक कारमधल्या नारिंगी (हाय व्होल्टेज) केबलना हात लावू नका. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर चढलेलं असल्याशिवाय किटचे पैसे मिळत नाहीत.

नाकारलाच तर

नकार लेखी मागा, पॉलिसीच्या कलमासह, आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. रक्कम कमी वाटत असेल तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या व्हाउचरवर तशीच सही करू नका. कापलेली रक्कम मान्य नसल्याचं त्यावरच हाताने लिहा आणि मेलनेही कळवा.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जा. लोकपालासमोर सीटबेल्टचा फोटो, पहिल्या दिवसाचा मेल, बोअरस्कोपचा व्हिडिओ आणि असेसमेंट शीटवर तुम्ही केलेला हिशेब, एवढी चार कागदं तारखेने लावून न्या. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला मान्य नसेल तर ग्राहक आयोग मोकळा राहतो. तिथे मुदत दोन वर्षांची, आणि फी भरलेल्या हप्त्यावरून ठरत असल्याने घरच्या गाडीच्या प्रकरणात ती शून्यच असते. मात्र आयोगात आधी गेलात तर लोकपाल ते प्रकरण घेत नाही.